शाळेच्या कपाटात ग्लुकोजचा पुडा ठेवायला कोणाची परवानगी लागते?

पोस्ट लांब आहे. ज्यांची लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांची जात नाहीत त्यांनी तर नक्की वाचा.

शुगर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर साठीतले काका येतात. "लहान पोराले कुठं शुगर असते का?" असं आजही गावात विचारतात. असते. तिला टाईप 1 मधुमेह म्हणतात. यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. जास्त गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही, आईबापाच्या चुकीनं होत नाही, आणि कारल्याच्या रसानं किंवा जांभळाच्या बियांच्या पुडीनं जातही नाही. रोज तीन-चार वेळा इन्सुलिनची सुई, तीही आयुष्यभर. सुई बंद केली तर काही दिवसांत जीवावर बेततं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजानुसार भारतात 20 वर्षांखालची अशी सुमारे 2 लाख 29 हजार मुलं आहेत, जगात सगळ्यात जास्त. ती सगळी काही मुंबई-पुण्यात राहत नाहीत. आपल्या सात तालुक्यांतही असणारच.

आता अशा पोराचा शाळेतला दिवस बघा. सकाळी सुई घेतली की वेळेवर खावं लागतं. खिचडी अर्धा तास उशिरा शिजली, कवायत लांबली, किंवा पोरगं मन लावून कबड्डी खेळलं, की शुगर 70 च्या खाली जाऊ शकते. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की सुईचं आणि जेवणाचं सगळं गणितच बदलतं. पोराला घाम सुटतो, हात थरथरतात, ते चिडतं, असंबद्ध बोलतं, बाकावर डोकं टेकवतं. गुरुजींना वाटतं नाटक करतं. घरी कोणी म्हणतं बाहेरची बाधा.

यावरचा पहिला उपाय काय माहीत आहे? साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून पाजायची. 15 मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची, कमीच असेल तर परत द्यायची. टपरीवरच्या एका चहापेक्षा स्वस्त उपाय!

तो वेळेवर झाला नाही तर झटके येतात, मूल बेशुद्ध पडतं. आणि इथं चांगल्या मनाची माणसंच दोन जीवघेण्या चुका करू शकतात. पहिली, बेशुद्ध पोराच्या तोंडात पाणी ओतणं. ते श्वासनलिकेत जातं. दुसरी, "शुगरचा पेशंट आहे ना, मग त्याची सुई द्या" म्हणत इन्सुलिन टोचणं. आधीच खाली गेलेली शुगर त्यानं आणखी खाली जाते. अशा वेळी पोराला कुशीवर वळवायचं, 108 ला फोन करायचा, आणि जवळ असेल तर ग्लुकागॉनचं इंजेक्शन द्यायचं. ते मांडीत देता येतं, शीर शोधावी लागत नाही, प्रशिक्षण घेतलेला साधा माणूसही देऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आपल्याकडे ते महाग आहे आणि सहज मिळत नाही. आपल्या गावच्या मेडिकलमध्ये एकदा विचारून बघा.

मग ही जबाबदारी कोणाची? मुख्याध्यापकांना विचाराल तर म्हणतील, औषध देणं आमचं काम नाही. आरोग्य खात्याला विचाराल तर म्हणतील, शाळा शिक्षण खात्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं ते वर्षातून एकदा, आणि 2013 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हाच्या 30 आजारांच्या यादीत टाईप 1 मधुमेह नव्हताच. सिकलसेल आपल्या भागाला नीट माहीत आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. टाईप 1 मधुमेह आला नाही. म्हणजे या पोराजवळ ना प्रमाणपत्र, ना सवलत, ना कोणत्या रजिस्टरात त्याचं नाव.

नियमच नाही असं मात्र कोणी सांगू नये. मार्च 2023 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं राज्यांना लिहून कळवलं की अशा मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार शाळेत शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळेत खाऊ द्या, परीक्षेतही. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेशच्या बेसिक शिक्षण विभागानं तसे आदेश काढले. सीबीएसईनं तर 2017 पासूनच बोर्डाच्या परीक्षेत टाईप 1 च्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, खाऊ आणि पाण्याची बाटली न्यायला परवानगी दिली आहे. उद्या मुख्याध्यापकांकडे जा आणि विचारा, आपल्या शाळेच्या फाईलला आयोगाचं पत्र लागलं आहे का? सीबीएसईच्या पोराची शुगर लो होते आणि झेडपीच्या पोराची होत नाही काय?

आता शिक्षकांची बाजू. बीएलओचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाईन माहिती, खिचडीचा हिशोब, आणि त्यात हे. तक्रार खोटी नाही, मी त्यांच्या बाजूनंच बोलतो आहे. पण आज काही शिकवलेलं नसताना पोरगं वर्गात पडलं, तर गावाचं बोट कोणाकडे जाईल? गुरुजींकडेच. प्रशिक्षण आणि लेखी आदेश हे शिक्षकांचंच संरक्षण आहे. कायद्याची भीती वाटत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 30 वाचा (जुन्या भारतीय दंड विधानात कलम 92). पालकांची संमती घ्यायला वेळच नसताना कोणाच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेली मदत गुन्हा ठरत नाही. अमेरिकेत हाच वाद कोर्टात गेला. नर्सच्या संघटनेचं म्हणणं होतं की इन्सुलिन फक्त परवानाधारकांनीच द्यावं. 2013 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची संमती असेल तर प्रशिक्षित शाळा कर्मचारीही ते देऊ शकतो. आपण तर इन्सुलिन द्या म्हणतही नाही, साखर द्या म्हणतो.

पैसा नाही, हेही कारण चालणार नाही. केरळ सरकारची 'मिठायी' नावाची योजनाच अशा मुलांसाठी आहे. बाजूच्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टनं गरीब घरच्या मुलांना मोफत इन्सुलिन देण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. एक ट्रस्ट करू शकतो ते अख्खी जिल्हा परिषद का करू शकत नाही?

म्हणून जिल्हा परिषदेकडे, शिक्षणाधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी दोघांकडे, साध्या मागण्या:

1. प्रत्येक शाळेत टाईप 1 मधुमेहाच्या मुलांची नोंद. पालकांच्या संमतीनं, आणि वर्गात बोभाटा न करता.

2. प्रत्येक शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ग्लुकोजचा पुडा. असं मूल असेल तिथं ग्लुकोमीटर आणि पट्ट्याही. खर्च सेस फंडातून.

3. केंद्राच्या शिक्षण परिषदेत वर्षातून एकदा एक तास. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी शिक्षकांना आणि स्वयंपाकी ताईंना शिकवावं.

4. प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि असं मूल असलेल्या शाळेजवळच्या उपकेंद्रात ग्लुकागॉन. इन्सुलिनसाठी थंड जागा. आपल्याकडच्या मे महिन्यात दप्तरातलं इन्सुलिन खराब होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

5. वर्गात आणि परीक्षेत तपासणी, सुई, खाऊ, पाणी आणि लघवीला जाण्याची मुभा, लेखी आदेशानं.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना मुंबईच्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही.

9 जानेवारी 2021 ची पहाट भंडारा विसरलेला नाही. जिल्हा रुग्णालयाच्या आगीत 10 नवजात बाळं गेली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटची धावपळ झाली. आधी जीव जाणार, मग चौकशी, मग परिपत्रक, हा क्रम आपल्या जिल्ह्यानं पुरेसा भोगला आहे. या वेळी परिपत्रक आधी येऊ द्या.

तुम्ही काय करायचं? शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय लेखी द्या. ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची नक्कल जिल्हा परिषदेला पाठवा. आपल्या गटाच्या सदस्याला या पोस्टखाली टॅग करा. तुमच्या घरात असं मूल असेल तर लपवू नका. विशेषतः मुलगी असेल तर "उद्या लग्नाचं कसं" म्हणून आपण लपवतो, आणि त्या लपवण्यामुळेच तिच्या बाईंना माहीत नसतं की ती बाकावर झोपलेली नाही, तिची शुगर खाली गेली आहे.

आणि तोपर्यंत? ग्लुकोजचा एक पुडा घ्या आणि आपल्या गावच्या शाळेत नेऊन द्या. मुख्याध्यापकांनी घेतला नाही तर का घेतला नाही, ते लिहून मागा.

पोस्ट शेअर करा. कॉपी-पेस्ट केली तरी चालेल, माझं नाव नसलं तरी चालेल.