लोणावळ्याच्या रिसॉर्टचा मेल स्पॅममध्ये का जातो?

शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाडी लावायला जागा नसते. मंगळवारी मात्र मावळातले अनेक व्हिला आणि पवना धरणाकाठचे कॅम्प रिकामे असतात. हे दिवस भरायचे तर हिंजवडी-तळेगावच्या कंपन्यांच्या सहली हव्यात. बुकिंग अ‍ॅपचं कमिशन वाचवायचं म्हणून अनोळखी एचआरला थेट मेल केला जातो. गडबड होते ती एकच मेल हजार पत्त्यांवर धाडल्यामुळे.

धोका काय?
फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने नियम कडक केलेत. वैयक्तिक जीमेलवर मेल पाठवणाऱ्यांविरुद्धच्या स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. म्हणजे हजारात तीनसुद्धा नकोत. कंपन्यांच्या मेलवर त्यांचे स्वतःचे फिल्टर असतात ते वेगळेच. एकदा डोमेनची पत घसरली की पैसे भरलेल्या पाहुण्याचं बुकिंग कन्फर्मेशनही स्पॅममध्ये जाऊ शकतं.

मग लिहायचं कसं?
- विषयात 'धमाका ऑफर!!!' नको. 'बुधवारी ४० जणांची टीम आउटिंग, पवना' असं नेमकं लिहा.
- मजकूर पाच-सहा ओळींचा. माणशी दर जीएसटीसह, बस दारापर्यंत येते का, पावसात बसायला हॉल आहे का, एवढं सांगा.
- जड फोटो आणि पीडीएफ जोडू नका.
- शेवटी एकच प्रश्न विचारा: 'पुढच्या महिन्यातल्या तारखा पाठवू का?'
- उत्तर नाही आलं, तर आठवड्याने एकदा आठवण करा. मग थांबा.
- 'नको' म्हणणाऱ्याचं नाव यादीतून त्याच दिवशी काढा.