‘शिशिरागम’नंतरची आठ वर्षे

महाविद्यालयांतून होणाऱ्या लेखन-कार्यशाळांत एक वाक्य हमखास ऐकू येते: लेखक आपल्या चुकांतूनच शिकतो. वक्ता बहुधा नावाजलेला कवी असतो, समोर प्रथम वर्ष कलेचे विद्यार्थी असतात, आणि वाक्य संपताच टाळ्या पडतात. या टाळ्या आम्हांला खटकतात. वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. चुकीतून शिकायचे तर ती चूक आहे हे आधी कळावे लागते. आणि आजच्या मराठी वाङ्मयव्यवहाराने ते कळूच नये याची चोख व्यवस्था करून ठेवली आहे. त्या व्यवस्थेचे आम्ही प्राध्यापक नुसते साक्षीदार नाही, भागीदार आहोत, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे.

सुताराची चूक दिसते. दार चौकटीत बसत नाही. कवितेतला यतिभंगही असाच दिसतो, त्याला दुरुस्तीही असते. अशा चुकांची आम्हांला धास्ती नाही. कवीची खरी चूक चुकीसारखी दिसतच नाही. ती सफाईदार असते, मासिकांचे संपादक ती छापतात, वाचकांना ती आवडते, कारण पूर्वी आवडलेल्या कवितांसारखीच ती असते.

बा. सी. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ हा संग्रह १९३९ साली निघाला. एम.ए.च्या वर्गात तो कोणी शिकवीत नाही. आम्हीही बरीच वर्षे ‘काही कविता’पासूनच सुरुवात करीत असू, नवकवितेचे जनक जणू जन्मतःच नवे होते! ‘शिशिरागम’ वाचावा, तर त्यात बालकवी भेटतात, माधव जूलियन भेटतात, हुरहूर आणि निसर्ग यांची ओळखीची वस्ती भेटते. संग्रह वाईट नाही. हीच तर खरी अडचण आहे. कवी त्याच वाटेने गेला असता, तर आणखी दोन-तीन तितकेच बरे संग्रह त्याला सहज साधले असते आणि वाङ्मयेतिहासात एक परिच्छेदही मिळाला असता.

पुढचा संग्रह, ‘काही कविता’, १९४७ साली आला. मधली आठ वर्षे आम्हांला अधिक महत्त्वाची वाटतात. मर्ढेकर त्या काळात गप्प नव्हते. १९४१ साली त्यांचे ‘वाङ्मयीन महात्मता’ हे पुस्तक आले आणि त्यात लेखकाच्या आत्मनिष्ठेचा प्रश्न त्यांनी लावून धरला. अनुभवाशी आणि स्वतःशी इमान राखणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. हा सिद्धांत परीक्षेपुरता पाठ करून घेतला जातो. पण तो दोनच वर्षांपूर्वी छापलेल्या स्वतःच्या कवितेवर दिलेला निवाडाही असू शकतो, हे वर्गात कोणी बोलत नाही. मर्ढेकरांनी तसे म्हटले आहे असा आमचा दावा नाही. आमचे वाचन तसे आहे, एवढेच. मग १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’मध्ये त्यांनी संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला, १९४३ साली ‘तांबडी माती’ लिहिली. या कादंबऱ्या सर्वस्वी साधल्या असे आम्हांला वाटत नाही. परंतु न साधणारे काही करून पाहण्याची त्यांची तयारी होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘काही कविता’त त्यांनी जुनी सामग्री फेकून दिली नाही. बालकवींच्या ‘फुलराणी’चे पादाकुलक त्यांनी ठेवले आणि त्यात यंत्रयुगातले शहर आणले. अभंग-ओवी तर संतांकडून उचलून आपल्या काळाच्या कामाला लावली. चूक छंदात नव्हतीच. दुसऱ्याची हुरहूर आपली म्हणून वापरण्यात ती होती, आणि नेमकी तेवढीच त्यांनी काढून टाकली. यानंतर वाट्याला काय आले? अश्लीलतेचा खटला. ‘शिशिरागम’वर खटला भरण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

यावर विद्यार्थ्यांचे एक ठरलेले उत्तर असते: ‘कोसला’. नेमाड्यांनी ती पंधराएक दिवसांत लिहून काढली ही हकिगत प्रत्येक तुकडीत कोणीतरी सांगतोच, आणि आपला पहिला खर्डा तोच अंतिम, असा निष्कर्षही काढतो. ‘कोसला’ १९६३ची, ‘बिढार’ १९७५ची. मधल्या बारा वर्षांबद्दल कोणी विचारीत नाही. त्या काळात ‘मेलडी’तल्या कविता प्रसिद्ध झाल्या, पण पांडुरंग सांगवीकराच्या तोंडून दुसरी कादंबरी आली नाही. ती लिहिणे नेमाड्यांना सर्वांत सोपे गेले असते. इतरांनी त्या थाटाच्या कादंबऱ्या लिहिल्याच, भरपूर लिहिल्या. ‘बिढार’मध्ये चांगदेव पाटील आला तो ‘मी’ची ती बोलकी लय मागे ठेवून.

आज ही आठ किंवा बारा वर्षे कोण कोणाला देतो? पहिल्या संग्रहाला प्रस्तावना, प्रकाशन समारंभ, ‘आश्वासक’ हे विशेषण, जिल्हा पातळीवरचा एखादा पुरस्कार, आणि दीड वर्षात दुसरा संग्रह. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांसाठी गुणांकन आणले, तेव्हापासून आमच्या व्यवसायातही पुस्तक ही मोजायची वस्तू झाली. परीक्षण म्हणजे आता पाठराखण. आणि जो दोष दाखवतो तो ‘नकारात्मक’ ठरतो!

आमचा स्वतःचा वाटा सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने पदरचे पैसे घालून संग्रह काढला. प्रस्तावना आम्ही दोघांनी लिहिली. त्यातल्या निम्म्या कविता कोणाच्या आहेत हे आम्हांला दिसत होते. एकीत ग्रेस होते, दुसरीत ढसाळ. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर हसलोही. प्रस्तावनेत मात्र ‘परंपरेशी जिवंत संवाद’ असे लिहिले. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा, पहिल्यांदाच पुस्तक हातात धरणारा. त्याचा हिरमोड कशाला करायचा, असे आम्ही स्वतःला समजावले. ही कणव नव्हती. त्याला खरे सांगण्याइतका आम्ही मोठा मानला नाही, इतकाच तिचा अर्थ होता. त्याने आमच्यावर विश्वास ठेवला आणि पुढची सहा वर्षे तीच कविता लिहिली.

गेल्या महिन्यात तो दुसऱ्या संग्रहाचे हस्तलिखित देऊन गेला. प्रस्तावना हवी आहे. एकाहत्तर कविता आहेत. त्यांतल्या चार, त्याही बोअरवेलच्या हिशेबाच्या वहीतून आल्यासारख्या, कोणाच्याच नाहीत, त्याच्या आहेत. बाकीच्यांसमोर, जिथे दुसऱ्याचा आवाज ऐकू येतो तिथे, आम्ही पेन्सिलीने त्या त्या कवीचे नाव लिहिले आहे. प्रस्तावना लिहिलेली नाही. तो शनिवारी येणार आहे.