आळशी म्हटलेली मुले

स्मरणिकेत गौरवाचे लेख पुष्कळ असतात आणि ते असावेतच. आम्ही मात्र या पानावर आमची एक चूक नोंदवीत आहोत. दुपारच्या तासाला पेंगणाऱ्या, मैदानाच्या दोन फेऱ्यांत धाप लागणाऱ्या, पाठांतर न टिकणाऱ्या मुलाला आम्ही आळशी म्हणत आलो. काहींना त्यापायी छडीही बसली. त्यांच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी आहे, हे आमच्यापैकी कोणी पाहिले नाही.

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून आणि महाडच्या खाडीपट्ट्यातून आलेली आमची मुले बहुधा अनवाणीच वाढलेली असतात. उष्ण हवा, मुबलक पाऊस आणि सावलीतली ओलसर माती अंकुशकृमीला मानवते. माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात. आठवडाभरात तयार झालेली अळी पायाच्या त्वचेतून शिरते, रक्तावाटे फुप्फुसांत, तेथून घशात आणि गिळली जाऊन आतड्यात पोहोचते. ही वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे लूस या जर्मन शास्त्रज्ञाला अपघातानेच उमगली : अळ्यांचे पाणी हातावर सांडले, खाज सुटली आणि पुढे त्याच्याच विष्ठेत अंडी सापडली. आपल्याकडे पायाची ती खाज चिखल्यांच्या नावावर खपून जाते.

या कृमीच्या एका जातीतील एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलीलीटर रक्त घेतो. शंभर कृमी असले तर महिन्याला नव्वद मिलीलीटर, आणि हे वर्षानुवर्षे चालते. ताटात आधीच लोह कमी. मग वाढ खुंटते, लक्ष टिकत नाही. मुलींच्या बाबतीत पाळीचा रक्तस्राव त्यात मिळतो. पुढे गरोदरपणी आईच्या जिवाला धोका आणि बाळ कमी वजनाचे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांनाही असेच आळशी म्हटले जाई. १९०२ साली तेथे हा कृमी ओळखला गेला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे नावच 'आळसाचा जंतू' ठेवले. आपल्या समाजाला हा शब्द परका नाही. कित्येक गावांत ज्यांना पायांत वहाण घालून वरच्या आळीतून जाण्याची मुभा नव्हती, त्यांच्याच थकव्याला स्वभावदोष ठरवले गेले. तोच शब्द आमच्या तोंडी यावा, याची बोच मोठी आहे.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून अल्बेंडाझोलची ४०० मिलीग्रॅमची गोळी दिली जाते. ती मुलांनी अवश्य घ्यावी. पण गोळीने कृमी मरतो, गेलेले रक्त भरून येत नाही. आणि मूल पुन्हा त्याच मातीत चालले की काही महिन्यांत कृमी परत येतो. लोहाची निळी गोळी आम्ही मोजून वाटली, ती गिळली का हे पाहिले नाही. उपाशीपोटी मळमळते म्हणून कितीतरी गोळ्या वसतिगृहाच्या खिडकीमागे पडल्या. ती जेवणानंतर, समोर उभे राहूनच द्यायला हवी होती.

लावणीच्या चिखलात चपला घाला, असा शहरी सल्ला आम्ही पालकांना देणार नाही. तेथे गमबूटही रुततो. खरा धोका शेतातल्या उभ्या पाण्यापेक्षा वाडीमागच्या सावलीत, जेथे माणसे परसाकडे बसतात, तेथे आहे. शौचालये बांधली गेली, पण अनेकांत आज सरपण आहे. यात लोकांचा हट्ट कमी आणि पाण्याचा अभाव अधिक. डोंगरातल्या कित्येक वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावरून आणलेला हंडा कोणती माऊली शौचालयात ओतील? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, त्या तालुक्यात हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

म्हणून मुंबईस्थित माजी विद्यार्थ्यांशी आम्ही स्पष्ट बोलतो. आपली मंडळे विहाराच्या स्लॅबसाठी आणि जयंतीच्या मंडपासाठी निष्ठेने वर्गणी काढतात. एक वर्ष मंडप लहान करावा आणि त्या पैशांतून आपल्या वाडीत पावसाचे पाणी साठवणारी टाकी शौचालयांजवळ बांधावी. यावर काही ज्येष्ठ रुष्ट होतील, हे आम्ही जाणतो. शाळेकडून आमचा आग्रह इतकाच की जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येक मुलाचे हिमोग्लोबिन तपासले जावे आणि तो आकडा प्रगतिपुस्तकात गणिताच्या गुणांच्या वर लिहिला जावा.