दहा सेकंदांचा न्याय

२६ ऑक्टोबर १९९७. स्पेनमधील हेरेझ येथे फॉर्म्युला वन मोटारशर्यतींच्या त्या हंगामातील शेवटची शर्यत चालू होती. जगज्जेतेपदासाठी दोघेच उरले होते: फेरारीचा मायकेल शूमाकर ७८ गुणांवर आणि विल्यम्सचा जॅक व्हिलनव्ह ७७ गुणांवर. दोघेही शर्यतीतून बाद झाले असते, तर एका गुणाच्या आघाडीने शूमाकर जगज्जेता झाला असता. अठ्ठेचाळिसाव्या फेरीत व्हिलनव्हने एका वळणावर आतल्या बाजूने मुसंडी मारली आणि शूमाकरने आपली गाडी थेट त्याच्या गाडीवर वळविली. पण डाव अंगाशी आला. शूमाकरची गाडी खडीत रुतून बसली. व्हिलनव्ह दुखावलेली गाडी तशीच हाकीत तिसरा आला आणि ८१ गुणांनिशी जगज्जेता ठरला.

मैदानावरील पंचांनी हा शर्यतीतील एक सामान्य प्रसंग मानला. पुढे नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने शूमाकरला दोषी ठरविले. शिक्षा कोणती, तर त्या वर्षीच्या क्रमवारीतून त्याचे दुसरे स्थान काढून घेतले. त्याने जिंकलेल्या शर्यती आणि मिळविलेले गुण नोंदीत कायम राहिले. शिवाय पुढील वर्षी त्याने रस्तासुरक्षेच्या प्रचारात भाग घ्यावा, असे ठरले.

वाचकहो, या शिक्षेचा नीट विचार केला म्हणजे मन अस्वस्थ होते. ज्याला पहिलाच क्रमांक हवा होता, त्याच्याकडून दुसरा काढून घेतला! आणि त्याचा डाव साधला असता तर? त्याच शूमाकरने तीन वर्षांपूर्वी, १९९४ साली, ॲडलेडच्या शेवटच्या शर्यतीत डेमन हिलच्या गाडीशी टक्कर होऊन दोघेही बाद झाल्यावर एका गुणाने जगज्जेतेपद मिळविले होते. ती टक्कर हेतुपुरस्सर होती की अपघाती, यावर आजही रसिकांत वाद होतात. त्या वेळी शिक्षा कसलीच झाली नव्हती.

खेळातील अधर्माला शासन काय असावे, हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये, हा नियम. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणली, तेव्हा बलराम नांगर उगारून धावला. श्रीकृष्णाने त्याला आवरले आणि दुर्योधनाचे पूर्वीचे अपराध, भीमाची प्रतिज्ञा यांची आठवण करून दिली. बलरामाचे समाधान मात्र झाले नाही. नियम मोडणाऱ्याच्या बाजूने कितीही सबळ कारणे असली, तरी नियम मोडलाच ना, हा त्याचा सवाल होता. मोटारशर्यतीतील पंचही असाच दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत सापडलेला असतो.

१९९० साली जपानमधील सुझुका येथे आयर्टन सेन्नाने पहिल्याच वळणावर ॲलन प्रॉस्टच्या गाडीवर आपली गाडी घातली आणि दोघेही बाद झाल्यामुळे सेन्ना जगज्जेता ठरला. आदल्या वर्षी आपल्यावर अन्याय झाला, सुरुवातीची जागाही आपल्याला मनासारखी दिली नाही, असा त्याचा रोष होता. वर्षभरानंतर त्याने ती धडक जाणूनबुजून दिल्याचे बोलून दाखविले. शिक्षा झाली नाही ती नाहीच. तेव्हा आज जे पंच शिक्षा देतात, त्यांच्यावर केवळ कठोरपणाचा आरोप करणे उचित नव्हे. शिक्षाच नसण्याचा काळ या खेळाने पाहिला आहे.

आज शिक्षांची एक उतरंड आहे. पाच किंवा दहा सेकंद वेळेत वाढविणे, गाड्यांच्या थांब्यातून हळू गतीने जावयास लावणे, तेथे दहा सेकंद उभे करणे, पुढील शर्यतीत मागच्या जागेवरून निघावयास लावणे, आणि अखेर शर्यतीतून काढून टाकणे. २०१४ पासून चालकाच्या नावावर दोषगुणही लागतात. बारा महिन्यांत बारा दोषगुण झाले की एका शर्यतीची बंदी. २०२४ साली केविन मॅग्नुसेनला ती भोगावी लागली. २०१० पासून पंचांत एखादा माजी चालकही बसविला जातो. व्यवस्था उत्तम दिसते. पण तिच्या पोटात एक वैगुण्य आहे.

ते वैगुण्य २५ जून २०१७ रोजी बाकू येथे उघडे पडले. सेफ्टी कारच्या मागे सर्व गाड्या मंदगतीने चालल्या असता सेबॅस्टियन व्हेटेलची गाडी पुढच्या लुईस हॅमिल्टनच्या गाडीवर मागून आदळली. हॅमिल्टनने मुद्दाम ब्रेक मारला, असे समजून व्हेटेल संतापला आणि त्याच्या शेजारी जाऊन त्याने चाकावर चाक आपटले. हॅमिल्टनने ब्रेक मारलाच नव्हता, हे गाडीतील नोंदींवरून नंतर स्पष्ट झाले. व्हेटेलला दहा सेकंद उभे राहण्याची शिक्षा आणि तीन दोषगुण मिळाले. तेवढ्यात हॅमिल्टनच्या डोक्यामागची संरक्षक गादी सैल झाल्याने त्यालाही थांबावे लागले. अखेर व्हेटेल चौथा आला आणि हॅमिल्टन पाचवा. ज्याने रागाने धडक दिली त्याला बारा गुण, ज्याने ती सोसली त्याला दहा! पुढे व्हेटेलने जाहीर क्षमा मागितली आणि तरुण चालकांच्या शिक्षणासाठी वेळ देण्याचे मान्य केले. हेरेझची रस्तासुरक्षा आणि बाकूचे शिक्षणकार्य, दोन्ही स्तुत्यच. पण सत्कार्य हे शिक्षेचे नाव व्हावे, हे काही बरे नाही.

उलट बाजूचेही उदाहरण घेऊ. १८ जुलै २०२१ रोजी सिल्व्हरस्टोन येथे पहिल्याच फेरीत हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपेन यांची अतिवेगात टक्कर झाली. व्हर्स्टॅपेनला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे लागले. हॅमिल्टनला दहा सेकंदांची शिक्षा झाली, ती भोगून त्याने शर्यत जिंकली. तेव्हा मोठा गहजब झाला. पण तत्कालीन शर्यत-संचालक मायकेल मासी यांनी सांगितलेले तत्त्व विचार करण्याजोगे आहे: पंचांनी कृती पाहावी, परिणाम पाहू नये. दोन चालक एकाच जागेसाठी झगडताना अंदाज चुकला, तर समोरचा किती वेगाने भिंतीवर आदळला यावर दोषाचे माप ठरवू नये. मला हे तत्त्व मान्य आहे. किंबहुना ते अपुरे पाळले जाते, हीच माझी तक्रार आहे. परिणाम पाहावयाचा नाही, तर मग कृतीमागील बुद्धी तरी पाहावयास नको काय?

घरात एका मुलाच्या हातून कपबशी निसटली आणि दुसऱ्याने रागाने आपटली, तर काचांचा ढीग दोन्हीकडे सारखाच. पण कोणतीही आई दोघांना एकच शिक्षा करीत नाही. अंदाज चुकून लागलेल्या धक्क्यासाठी सेकंदांची शिक्षा योग्य आहे. ती कठोर केली, तर पुढे जाण्याचे धाडस कोणी करणार नाही आणि शर्यतीची मिरवणूक होईल. पण रागाने किंवा डावाने दिलेली धडक त्याच तराजूत तोलणे न्याय्य नव्हे. तेथे शर्यतीतून तत्काळ काढून टाकणे हेच शासन हवे.

यावर आक्षेप येईल, की मनातील हेतू पंचांना कसा कळावा? आक्षेप रास्त आहे. पण आज सुकाणू किती वळले, ब्रेक केव्हा दाबला, वेग कोठे वाढविला, याची क्षणाक्षणाची नोंद पंचांपुढे असते. बाकूला त्याच नोंदींनी हॅमिल्टन निर्दोष ठरला. जेथे शंका उरेल, तेथे तिचा फायदा चालकाला द्यावा. जेथे ती उरणार नाही, तेथे हात आखडू नये. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण अजून घेतो ते न्याय सांगताना समोर कोण उभा आहे हे त्यांनी पाहिले नाही म्हणून. जगज्जेत्यांच्या बाबतीत पंचांनी तेवढे करावे.

आता ताजी हकीकत. १ जून २०२५ रोजी, पुन्हा स्पेनमध्येच, बार्सिलोना येथे व्हर्स्टॅपेनला त्याच्या संघाने जॉर्ज रसेलला पुढे जाऊ द्यावयास सांगितले. त्याने वेग कमी केला, आणि रसेल शेजारी येताच पुन्हा वाढवून त्याच्या गाडीला धडक दिली. दहा सेकंदांच्या शिक्षेमुळे तो पाचव्यावरून दहाव्या क्रमांकावर घसरला. दहा गुणांऐवजी एकच मिळाला, म्हणजे नऊ गुण गेले. डिसेंबरमध्ये हंगाम संपला तेव्हा लँडो नॉरिस ४२३ गुणांनी जगज्जेता झाला आणि व्हर्स्टॅपेन ४२१ वर राहिला. अवघ्या दोन गुणांनी!

‘करावे तसे भरावे’ म्हणून अनेकांनी समाधान मानले असेल. मला ते मानवत नाही. त्या दिवशी मागच्या गाड्या जवळ होत्या म्हणून दहा सेकंदांत पाच जागा गेल्या. त्या दूर असत्या, तर तीच धडक आणि तीच शिक्षा असूनही त्याचे काहीच गेले नसते. सिल्व्हरस्टोनला दहा सेकंदांनी विजयही हिरावला नाही, बार्सिलोनाला त्याच दहा सेकंदांत जगज्जेतेपदाइतके गुण गेले. आणि यांतील पहिली कृती अंदाजाची चूक होती, दुसरी रागाची. या खेपेला दैवाने माप बरोबर घातले, इतकेच. बाकूला त्याच दैवाने ते उलटे घातले होते.

युरोपातील शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी दिसतात, आणि दिवेलागणीच्या वेळी घरातील मुले त्या डोळे विस्फारून पाहत बसतात. उद्या हीच मुले आपल्या गावच्या गर्दीच्या रस्त्यावर गाडी चालविणार आहेत. दुसऱ्याला ढकलले तर दहा सेकंद थांबावे लागते, एवढेच ती शिकली तर ती मनाशी हिशेब करतील, की दहा सेकंद परवडतात. ढकलणाऱ्याला त्या दिवशी गाडीतून उतरावेच लागते, हे त्यांनी एकदा तरी पाहावयास हवे.