विजेची मोटार आणि घरचे बिल

बेळगाव-उचगाव रस्त्यावर विजेच्या मोटारी आता आमच्याही नजरेस पडतात. घरीच चार्ज केली की जवळजवळ फुकट, असे सांगणारे भेटतात. आम्हांला हा हिशेब अपुरा वाटतो.

महिन्याला 900 किलोमीटर धावणारी लहान मोटार साधारण 130 युनिट वीज घेते. 2025-26 सालाच्या 5 रुपये 80 पैसे दराने तिचे 754 रुपये झाले. पेट्रोलपेक्षा हे खूपच स्वस्त, यात वाद नाही.

पण 2023 साली 'गृहज्योती' आल्यापासून पुष्कळ घरांचे बिल शून्य येते. महिना 80 युनिट वापरणाऱ्या घराने त्यात मोटारीचे 130 मिळविले की 210 होतात. 200 ओलांडले की सवलत गेली. सगळ्या युनिटांचे 1,218 रुपये, वर स्थिर आकार आणि कर. शेवटचे 10 युनिट, म्हणजे सत्तर किलोमीटरची फिरती, टाळली तरी मोटारीच्या बहुतेक युनिटांचे पैसे द्यावेच लागतात; कारण फुकट वीज घराच्या आधीच्या सरासरी वापरापुरतीच, थोडी वाढ धरून, मिळते. आणि ते पैसे बहुधा घरखर्चाच्या डब्यातूनच जातात.

मळ्यातल्या पंपाची वीज फुकट आहे, तिथे लावू, असेही कोणी म्हणेल. ती पिकाच्या पाण्यासाठी दिलेली आहे. तिच्यावर मोटार चालविणे ही आमच्या मते चोरीच.

मोटार घेण्याआधी मागच्या बारा बिलांतले युनिट मांडून पाहावेत, आणि घराचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे.