सॅमी हजारेचा दाखला

मंडळी, शिक्षकी पेशातून निवृत्त झालं तरी एक सवय जात नाही. वर्गात कोण हजर आहे यापेक्षा कोण गैरहजर आहे तेच आधी दिसतं. पुस्तक वाचतानाही माझं तसंच होतं.

सलमान रश्दी यांची 'द मूर्स लास्ट साय' ही १९९५ ची इंग्रजी कादंबरी. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचली. तिच्यात रामन फिल्डिंग नावाचा मुंबईचा पुढारी आहे आणि त्याच्या पदरी सॅमी हजारे नावाचा गुंड. मराठी ख्रिश्चन. एक हात धातूचा, म्हणून टोपणनाव 'टिनमॅन'. धर्मासाठी नव्हे, मराठीपणासाठी टोळीत आलेला. मारामाऱ्या करतो, एकतर्फी प्रेम करतो, शेवटी बॉम्ब उडवतो. संपला.

पुस्तक आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! फिल्डिंग म्हणजे बाळासाहेब ठाकरे यांचं व्यंगचित्र, म्हणून इथे संताप. पेंढा भरलेल्या एका कुत्र्याचं नाव जवाहरलाल, म्हणून दिल्लीत संताप. आयातसुद्धा अडली. पुढाऱ्यासाठी रागावणारे निघाले, कुत्र्याच्या नावासाठी रागावणारे निघाले. सॅमीसाठी कोण रागावलं?

अभ्यासक म्हणतील, "बाई, ही उत्तर-आधुनिक कादंबरी. यात सगळी पात्रं अर्कचित्रंच असतात." मान्य. मग कोचीनच्या मसाल्याच्या व्यापारी घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या एवढ्या सविस्तर कशा येतात? श्रीमंतांना वंशावळ आणि सॅमीला पत्र्याचा हात? हा खेळ नाही, हा पंक्तिप्रपंच आहे.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकातला नरू आठवा. तोही गुंडच. पण त्याला आई आहे, भावंडं आहेत, गिरणी बंद पडल्यावरचं चाळीतलं घर आहे. तो असा का झाला हे कुणाला सांगावं लागत नाही, ते घरच सांगतं. पवारांनी त्याला माफ केलेलं नाही, फक्त ओळखलं आहे.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. मी तेव्हा घाटकोपरला शिकवत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील संपात होते. मुलगा आठवीतून शाळेबाहेर गेला. दोनेक वर्षांनी त्याची आई आली. पोलिसांनी पोराला धरलं होतं आणि वकिलाला वयाचा पुरावा हवा होता. कारकुनाने रजिस्टर काढून शाळा सोडल्याचा दाखला लिहून दिला. तिला वाचता येत नव्हतं. "बाई, काय लिवलंय?" मी सगळं वाचून दाखवलं. 'वर्तणूक' या रकान्यात होतं, 'चांगली'. तो शब्द तिने मला पुन्हा वाचायला लावला.

पोराने पुढे जे केलं ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही. कोर्टाने काय ते ठरवावं. पण लेखक म्हणजे पोलीस ठाण्यातला हवालदार नव्हे, की नाव, टोपणनाव आणि शरीरावरची खूण लिहिली म्हणजे काम झालं.

तेव्हा मंडळी, यापुढे एखाद्या गाजलेल्या कादंबरीत असा मराठी गुंड भेटला, तर त्याच्या लेखकाला एवढंच विचारा: याची शाळा कुठली हो?