पाच तारे आणि एक खोकला

दिवाळीच्या सुटीत माझा पुतण्या फिनलंडहून घुग्घुसला आला, तेव्हा त्याच्या सामानात चार चकत्या होत्या. मुलांनी त्या पाहताच ‘फ्रिस्बी, फ्रिस्बी’ म्हणत हात पुढे केले. पण हातात घेताच त्यांना फरक कळला. या चकत्या आकाराने लहान, वजनाला जड आणि कडेला धारदार होत्या. हा डिस्क गोल्फचा सरंजाम. गोल्फमध्ये चेंडू काठीने टोलवीत खळग्यापर्यंत न्यायचा असतो. येथे चकती हाताने फेकीत, ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकीत, साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपल्यात नेऊन टाकायची. जितक्या कमी फेकी, तितका डाव चांगला. अशी अठरा लक्ष्ये झाडाझुडपांतून पार करताना काही किलोमीटर चालणे होऊन जाते आणि चाललो असे वाटतही नाही.

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून माझी उभी हयात गेली. नव्या खेळाविषयी माझा पहिला प्रश्न एकच असतो : हा खेळ आजी आणि नातू एकत्र खेळू शकतील काय? डिस्क गोल्फ या कसोटीला उतरतो. त्यात धावणे नाही, धक्काबुक्की नाही, प्रतिस्पर्ध्याने अडविणे नाही. फिनलंडमध्ये बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत आणि जंगलांत आहेत व तेथे खेळायला पैसे पडत नाहीत, असे पुतण्याने सांगितले. आमच्या घुग्घुसला असे मैदान नाही. मुलांनी मग चार बांबू रोवले, त्यांवर टोपली बांधली. चकती टोपलीवर आदळून उसळते हे लक्षात आल्यावर सायकलींच्या जुन्या साखळ्या भोवती लोंबत्या सोडल्या. दोन दिवसांत मैदान उभे राहिले.

पुतण्याचा हेतू मात्र खेळ शिकविण्यापुरता नव्हता. तो आणि त्याचे तीन मित्र या खेळाडूंसाठी एक नवे ॲप तयार करीत आहेत. मैदाने शोधायला आणि गुण मांडायला ‘यूडिस्क’ हे ॲप २०१२ पासून आहेच. यांना हवे आहे ते सोबती जमविणारे ॲप : आज कोण कोठे खेळत आहे, कोणाचा डाव कसा झाला, कोण सलग किती दिवस आले, हे सारे एकमेकांना दिसावे. “काका, तीन आठवडे इथल्या लोकांना वापरू द्या आणि शेवटी ही प्रश्नावली भरून घ्या. आम्हांला खेळाडूंचे मत हवे आहे,” असे सांगून तो परत गेला.

पहिल्या आठवड्यात तेवीस जण आले. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस नऊ उरले. त्या नऊ जणांकडून मी बारा प्रश्नांची उत्तरे भरून घेतली. ॲप आवडले काय? आवडले. वापरायला सोपे आहे काय? आहे. पाचपैकी किती तारे द्याल? नवांपैकी आठ जणांनी पाच दिले. एकाने चार दिले आणि लगेच माझ्याकडे पाहून ‘सर, पाच करू का?’ असे विचारले.

त्या प्रश्नाने मी जागा झालो. आपल्याकडे पाहुण्याच्या ताटाला नाव ठेवीत नाहीत. शिक्षकाने विचारले, तोही समोर उभा राहून, शिवाय ॲप त्याच्या घरच्या मुलाचे! भीड ही भिकेची बहीण म्हणतात. येथे ती ताऱ्यांची आई झाली होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. जे नऊ जण उरले त्यांना आवडले म्हणूनच ते उरले. चौदा जण निघून गेले होते आणि त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

म्हणून मी प्रश्नावली घरी ठेवली आणि त्या चौदांच्या घरी गेलो. जाताना एकच प्रश्न नेला : शेवटचे कधी आलात आणि दुसऱ्या दिवशी निघताना काय झाले?

खाणीत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की, ॲप रोज सकाळी साडेसहाला घंटी वाजवून खेळाची आठवण देते. त्यांची रात्रपाळी सकाळी सुटते. पाठ टेकते न टेकते तोच घंटी. घरचा फोन बंद ठेवणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून त्यांनी ॲपच काढून टाकले. पाळ्या बदलणाऱ्या माणसाची झोप आधीच मोडकी असते. ती आणखी मोडून व्यायाम पदरात पडत नाही. तीन पाळ्यांच्या गावात सकाळ सर्वांची एका वेळी होत नसते, हे टाम्पेरेत बसलेल्या चौघांच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. खरे तर माझ्याही आले नव्हते.

एका निवृत्त आजोबांना उन्हात पडद्यावरची अक्षरे दिसत नसत. “फेकता येतं मले, वाचता येत नाही, म्हणून हरलो,” ते हसून म्हणाले. पण ते आले नाहीत, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

एका घरात फोन एकच, तोही वडिलांचा. आई, मुलगा, मुलगी तिघेही खेळत आणि तिघांच्याही फेकी वडिलांच्या नावावर चढत. वडील स्वतः एकदाही मैदानावर आले नव्हते. ॲपच्या यादीत मात्र ते दुसऱ्या क्रमांकावर होते! ही हकिगत ऐकून मी हसलो. तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, “माझं नाव कुठंच नाही ना सर, मग मी खेळली असं कसं म्हणू?” एवढ्यावरून त्यांनी येणे थांबविले होते.

सर्वांत अवघड भेट पन्नाशीच्या एका ताईंची. त्यांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे. नुसते चालायला संकोच वाटे. हातात चकती आली तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळेपणी मैदानभर चालल्या. आठव्या दिवशी वस्तीतल्या एका पोराने त्यांना वाटेत सांगितले, ‘काकू, तुम्ही आत्ता मैदानावर होत्या ना, मोबाईलमध्ये दिसलं.’ ताईंनी मला विचारले, “मी कुठं आहो हे साऱ्या गावाले कायले सांगायचं, सर?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपले ठिकाण सर्वांना दिसू नये अशी सोय ॲपमध्ये होती. पण ती चार दारे ओलांडून आत होती आणि मुळात ती बंद होती.

ठिकाणाची ही गोष्ट क्षुल्लक नाही. धावपटू व सायकलस्वार वापरतात त्या ‘स्ट्राव्हा’ या ॲपने २०१७ च्या अखेरीस जगभरच्या वापरकर्त्यांच्या वाटांचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने दाखवून दिले की, निर्जन प्रदेशांत सैनिक जेथे व्यायामाला धावतात ते लष्करी तळही त्या नकाशात स्पष्ट उमटले आहेत. सैन्याची ही गत, तर एकटीने सकाळी निघणाऱ्या बाईचे काय? आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी, असे म्हटले आहे. मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवण्यासही त्यात मनाई आहे. ज्या घरांत मुले खेळांची ॲपे वापरतात, तेथील पालकांनी हे दोन मुद्दे लक्षात ठेवावेत आणि ॲप उघडल्याबरोबर आधी ठिकाण दाखविण्याची सोय बंद करावी.

चौदा घरे फिरून झाल्यावर मला वाटले, आता चित्र पुरे झाले. ते तसे नव्हते. पाच तारे देणाऱ्या नवांत अकरा वर्षांचा एक मुलगा होता. एकही दिवस न चुकता आलेला, ॲपच्या यादीत ‘सलग एकवीस दिवस’ या मानाचा धनी. त्याची आई मला बाजारात भेटली. म्हणाली, “सर, त्याले दमा आहे. मागच्या आठवड्यात रात्रभर खोकला, तरी पहाटे उठून निघाला. नाही गेलो तर दिवस तुटतील म्हणे.” त्या सकाळी मी मैदानावर होतो. धुके इतके दाट होते की, तिसऱ्या बांबूवरची टोपली दिसत नव्हती. तो खोकत होता, हेही मला आठवले. आणि मी सर्वांसमोर त्याची पाठ थोपटून म्हटले होते, ‘असा नेम हवा!’

ॲपला दोष देणे सोपे आहे. त्या सकाळी ॲपइतकाच आंधळा मीही होतो.

हिवाळ्यातील पहाट आपल्या भागात फुप्फुसांना सोसणारी नसते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. धूर आणि धूळ त्याखाली कोंडून राहतात. ऊन चढून जमीन तापली की झाकण उठते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर होते. मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर चंद्रपूरच्या हवेचा निर्देशांक पाहता येतो. तो २०० च्या पुढे गेला म्हणजे हवा वाईट. घुग्घुसच्या मैदानासाठी तो आकडा अंदाजापुरताच. तरी काहीच न पाहण्यापेक्षा बरा. दम्याच्या मुलाने खेळ सोडावा असे मुळीच नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप जवळ असावा, सुरुवातीला दहा मिनिटे अंग हलके मोकळे करावे, ऊन वर आल्यावर निघावे आणि खोकल्याच्या दिवशी घरी राहावे. उन्हाळ्यात हेच गणित उलटते. पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला की सकाळी आठनंतर मैदानावर कोणी असू नये.

सलग दिवसांच्या या मोजणीला आरोग्यशास्त्रात आधार कोणता? रोज दहा हजार पावले हा आकडाही असाच रूढ झाला. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की, दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांतही मृत्यूचे प्रमाण फार थोडे चालणाऱ्यांपेक्षा कमी होते आणि साधारण ७,५०० नंतर हा फरक वाढेनासा झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. आठवड्याला! त्यात एखाद्या खोकल्याच्या दिवसाला सुटी देण्याइतकी जागा आहे.

डिस्क गोल्फचा इतिहास पाहिला, तर या खेळाचे मुख्य साधनच खेळाडूंच्या तक्रारीतून जन्मले. एड हेड्रिक हे गृहस्थ फ्रिस्बी बनविणाऱ्या कंपनीत काम करीत. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनी पहिले कायमचे मैदान आखले, तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही, यावर खेळाडूंत वाद होऊ लागले. हेड्रिक यांनी खांबाभोवती साखळ्या सोडल्या, खाली टोपली बसविली. चकती टोपलीत पडली की वाद मिटला. आमच्या मुलांनी सायकलच्या साखळ्या लावल्या त्या वेळी त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. (हेड्रिक २००२ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची रक्षा मिसळून काही चकत्या घडविण्यात आल्या. माणसाने खेळावर किती प्रेम करावे!) त्यांनी खेळाडूंना तारे मागितले नव्हते, खेळाडू कोठे भांडतात ते पाहिले होते.

हे सारे मी पुतण्याला सविस्तर लिहून कळविले. प्रश्नावलीतील ‘आवडले काय’ हा प्रश्न काढून टाक, असे सुचविले. त्याऐवजी विचार : कोणत्या दिवशी यावेसे वाटूनही आला नाहीत? कोणत्या दिवशी येऊ नये असे वाटूनही आलात? फोन कोणाचा आहे? मुलांची उत्तरे घेताना त्यांच्या आईलाही विचार. आणि हे तू विचारू नकोस, मीही विचारत नाही. ज्याची भीड वाटत नाही अशा कोणाला तरी विचारू दे.

त्याचा फोन आला. ठिकाण आता मुळातच झाकलेले राहील आणि ज्याला दाखवायचे असेल त्याने ते उघडावे, हे त्याने मान्य केले. एका फोनवर अनेक नावे घेण्याची सोयही होणार आहे. सलग दिवसांवरून मात्र आमचे वाजले. “काका, ती मोजणी काढली तर लोक ॲप उघडायचेच नाहीत,” तो म्हणाला. लहान मुलांसाठी ती काढतो, मोठ्यांचे नंतर पाहू, एवढ्यावर तो आला आहे. मी अजून ऐकलेले नाही.

मैदानावर सध्या आम्ही साडेआठला जमतो. शाळेच्या दिवशी मुलांना ते जमत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दुपारी चारची दुसरी वेळ ठेवली आहे. रात्रपाळीवाल्यांनाही तीच सोयीची पडते. ताई दोनदा येऊन गेल्या, फोन घरी ठेवून. दम्याचा मुलगा चारच्या खेळात असतो आणि नेम साधला नाही की साखळ्यांना दोष देतो. चार चकत्यांपैकी एक मागल्या रविवारी बाभळीवर जाऊन बसली आहे. ती काढायला कोणी लांब बांबू आणून दिला तर बरे होईल.